चार नंबरची रेघ

"आजच्या दिवशी तरी चिडू नकोस हं," आई म्हणाली, तेव्हा मी नुसती बुटाची नाडी बांधत होते.

तोंडातून चकार शब्द काढला नव्हता मी. पण आमच्याकडे ही रीतच आहे. मी चिडायच्या आधीच मला सांगायचं, चिडू नकोस. मग मी चिडते. मग सगळे एकमेकांकडे बघतात, की बघा, म्हटलं नव्हतं? घरात मला तोफ म्हणतात. दादाची सहा वर्षांची लेक, चिमणी, तीसुद्धा मला तोफआत्या म्हणते आणि तेच माझं खरं नाव म्हणून शाळेत बाईंना सांगून आली आहे.

"मी काही बोलले का?" मी म्हटलं.

"तेच तर," आई म्हणाली. "तू गप्प असलीस की जास्त धडकी भरते."

थंडी सरल्यावरचा तो पहिला रविवार होता. मोठ्या बागेतला खेळाचा भाग थंडीचे तीन महिने कुलपात असतो आणि या रविवारी उघडतो, त्यामुळे झाडून सगळं गाव त्या दिवशी पोरंबाळं घेऊन तिकडे लोटतं. आम्हीही जातो. बाकीची घरं बागेत फिरायला जातात, आम्ही आपलंच काम बघायला जातो एवढाच फरक. बाबा तिथे तीस वर्षं फिटर होते. त्यांच्या जागेवर आता मी आहे. दादा तिथलाच सुपरवायझर. माझं लग्न पान्याशी लागलंय असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, आणि तिच्या सांगण्याचा मला रागही येत नाही, इतकं ते खरं आहे.

काम काय ते थोडक्यात सांगते, नाहीतर मी का पेटले ते कळायचं नाही. झोपाळा वरच्या आडव्या पाइपाला दोन बोल्टांवर लटकतो. बोल्ट तपासून, नट आवळून झाला की नटावरून बोल्टावर एक पिवळी रेघ ओढायची, ऑइलपेंटची, अंगठ्याएवढी. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते, आणि ते खाली उभ्या असलेल्यालाही दिसतं. बाबांनी सुरू केलेली पद्धत ही. बागेच्या रखवालदारबाईंना बोल्टातलं ओ की ठो कळत नाही, पण रेघ कळते. रेघ आहे, झोपाळा सुरू. रेघ नाही, बंद. लाल-पांढऱ्या पट्ट्या काय, पोरं फाडतात आणि कमरेला बांधून पळतात. रेघेशी कुणी खेळत नाही.

आणि रेघेसोबत बाबांचा एक नियम. जो रेघ मारेल त्याने आधी त्या झोपाळ्यावर दहा झोके घ्यायचे. "दुसऱ्याचं पोर बसवायच्या आधी आपलं बूड टेकवायचं," ते म्हणायचे. लहानपणी आई मला डबा घेऊन बागेत पाठवायची, तेव्हा बाबा, एवढा थोराड मिशाळ माणूस, गंभीर चेहऱ्याने झोके घेत मोजत असायचे आणि येणारेजाणारे हसायचे. मला हसू यायचं नाही. मी शेजारी उभी राहून त्यांच्याबरोबर मोजायची. पुढे त्यांनीच मला सगळं शिकवलं. ते डावखुरे, मी उजवी, त्यामुळे त्यांची रेघ एका अंगाला कलायची आणि माझी दुसऱ्या. एवढं सोडलं तर पाना धरण्यापासून शिवी हासडण्यापर्यंत सगळं मी त्यांचंच उचललंय.

तर गुरुवारी मी चार नंबरचा झोपाळा तपासला. डावीकडचा बोल्ट बाहेरून अगदी शहाण्यासारखा दिसत होता. उघडला तर आत मधोमध उंदराने कुरतडल्यासारखा. निम्मी जाडी गेलेली. त्या मापाचा बोल्ट आमच्या खोलीत नव्हता, बुधवारी यायचा होता. मी जुना परत बसवला, कानस घेऊन दोन्ही रेघा खरवडून काढल्या, साखळ्या पाइपाला गुंडाळल्या, पट्टी लावली, कागदावर "चार नंबर बंद" लिहून खाली सही ठोकली. झोपाळा उतरवूनच का नाही ठेवला, असं तुम्ही विचाराल. विचारा. उतरवायला दोन माणसं लागतात, माझ्या जोडीचा रजेवर होता, आणि तीस वर्षांत रेघ नसलेल्या झोपाळ्यावर कुणी बसलं नव्हतं. म्हणून नाही उतरवला. माझं चुकलं ते तिथे चुकलं.

शुक्रवारी जेवताना दादाने विषय काढला.

"रविवारी साहेब येणार आहेत. फोटोवाल्याला घेऊन."

"येऊ देत की. बाग काय माझ्या बापाची आहे?"

"चार नंबर फाटकाच्या अगदी समोर आहे. आत शिरल्या शिरल्या त्यांना तोच दिसणार. गेल्या वर्षी काय म्हणाले होते, आठवतंय ना? पुढच्या वेळी एक जरी झोपाळा बंद दिसला तर सुपरवायझर बदलू म्हणाले."

"बोल्ट बुधवारी येतोय."

"मी रविवारचं बोलतोय."

"मीही रविवारचंच बोलतेय. बंद."

"तुला काय, तू बोल्टांकडे बघतेस. मला माणसांकडे बघावं लागतं."

"मग माणसांना लटकव पाइपाला."

वहिनीला घास घेता घेता ठसका लागला. ती हसत होती, पण नवऱ्यासमोर ठसका बरा दिसतो. दादा मात्र लाल झाला. त्याने बाबांकडे मोर्चा वळवला. "बाबा, तुम्हीच सांगा. तुमच्या वेळी एका बोल्टासाठी एवढं अडून बसायचे का? हिला जरा समजावा. माझी बदली झाली तर चिमणीची शाळा, हिच्या वहिनीची नोकरी, सगळंच विस्कटेल."

बाबा ताटाकडे बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "जेवा आता."

बस्स, एवढंच. आणि मी मूर्ख, मला वाटलं, ते माझ्या बाजूने गप्प आहेत. कारण आजवर तसंच होतं. बाबा गप्प बसले की समजायचं, तोफ बरोबर बोलतेय.

रविवारी बाबा उजाडताच फिरायला गेले ते साडेसातला परत आले. त्यात नवल नव्हतं. मग आम्ही सगळे निघालो. आईने उकडलेली अंडी, ब्रेड आणि संत्री भरून घेतली, वहिनीने चादर, मी चहाचा थर्मास. दादा आधीच बागेत पोचला होता. चिमणी वाटभर माझ्या बोटाला लोंबकळत होती.

"तोफआत्या, चार नंबर बुधवारी ना?"

"बुधवारी."

"आज, उद्या, परवा, तेरवा." तिने बोटांवर मोजलं. "चार नंबर, चार दिवस!"

चार नंबरवरून झोका उंच गेला की कुंपणाच्या झुडपांपलीकडे तळ्यातली बदकं दिसतात. इतर तिन्हींवरून नाही दिसत. ती बदकं बघायला पोरगी अख्खी थंडी थांबली होती. मी तिला मंगळवारीच नाही का बसवू शकत, असं तिने विचारून घेतलं. मी नाही म्हटलं. तिने ऐकलं. सहा वर्षांच्या पोरीला जे कळतं ते बाप्यांना कळत नाही.

बागेत हीऽ गर्दी. ऊन नुसतं नावाला होतं, गवत ओलं, झाडांना टाचणीच्या डोक्याएवढ्या कळ्या. पण लोकांचं आपलं सुरू. फुलं धड उमललीही नव्हती तर त्यांच्यापुढे तोंडं घेऊन उभे. एक गृहस्थ वाफ्यात तान्हं बाळ ठेवून फोटो काढत होते आणि बाळ भोकाड पसरून रडत होतं. "हस, हस," म्हणे. थंडगार चिखलात बसवल्यावर तुम्ही हसाल का, असं विचारायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात आईने माझं कोपर दाबलं.

आम्ही चादर पसरली. बाबांनी थर्मास उघडला आणि चहा ओतताना निम्मा चादरीवर सांडला.

"हे काय? डावा हात काय भाड्याने दिलाय?" आई म्हणाली.

"गारठलाय," बाबा म्हणाले. हात कोटाच्या खिशातच ठेवला आणि उजव्या हाताने कसाबसा कप धरला. मी संत्रं सोलत होते. तरी माझ्या काही लक्षात आलं नाही. घरच्या माणसाकडे आपण बघतच नाही.

चिमणी इतर पोरांबरोबर झोपाळ्यांकडे धावली. पाचेक मिनिटं गेली असतील. वहिनी मान उंचावून म्हणाली, "अगं, चार नंबर सुरू केलात की तुम्ही! बोल्ट आला वाटतं?"

माझ्या हातातलं संत्रं कुठे पडलं मला माहीत नाही.

मी धावले. पट्टी नव्हती, कागदही नव्हता. साखळ्या सुटलेल्या. चार नंबरवर एक सात-आठ वर्षांचा गुबगुबीत पोरगा उभा राहून जोरजोरात झोके घेत होता आणि त्याचे वडील मागून ढकलत होते. समोर ही रांग. रांगेत पाचवी चिमणी. मी आडवी शिरले, दोन्ही साखळ्या धरल्या, झोपाळ्याबरोबर चार पावलं फरफटत गेले, पण थांबवला. पोराला बखोटीला धरून खाली उतरवलं.

"ओ बाई! डोकं ठिकाणावर आहे का?" पोराची आई अंगावर धावून आली. "माझ्या मुलाला हात कसा लावता?"

"झोपाळा बंद आहे!"

"कुठे लिहिलंय?"

"मी लिहिलंय!"

"तुम्ही कोण मोठ्या लागून गेलात?"

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. "रखवालदारबाई!" मी ओरडले. "पट्टी कुणी काढली?"

त्या बिचाऱ्या शिट्टी सावरत आल्या. "ताई, मीच काढली, कागदही. आठला आले तर रेघ होती. तुम्हीच म्हणता ना, रेघ बघून सोडायचं? रेघ बघूनच सोडलंय."

मी वर पाहिलं. दोन्ही बोल्टांवर पिवळीधमक रेघ. अखंड.

आता मला सांगा, दुसरं कोणाचं नाव येणार होतं मनात? दादा फाटकाजवळ इस्त्रीच्या कोटात उभा होता, बाजूला साहेब, बाजूला फोटोवाला. मी थेट तिथे गेले. आजूबाजूला कोण आहे, कोण नाही, काही पाहिलं नाही.

"लाज वाटते का? तुझी पोरगी रांगेत उभी आहे! पाचवी! चार पोरं उतरली असती की ती बसली असती! बदली होईल म्हणून पोटच्या पोरीला त्या कुरतडलेल्या बोल्टावर बसवतोस?"

"हळू बोल. काय झालंय?"

"रेघ मारलीस तू! माझी रेघ!"

"मी हात लावलेला नाही." तो पांढरा पडला होता. "आईशपथ. मला वाटलं, तूच ऐकलंस माझं. मी सकाळी रेघ पाहिली आणि मनात म्हटलं, चला, तोफ नरमली एकदाची."

"थापा मारू नकोस!"

"अहो ताई," साहेब हसत मध्ये पडले. त्यांचं हसू शिवून लावल्यासारखं. "आज आनंदाचा दिवस आहे. लोक बघतायत. घरचे वाद घरी."

घरचे वाद! रखवालदारबाईंच्या खोलीमागची शिडी ओढत आणली, चार नंबरला लावली आणि चढले. खाली गर्दी जमली होती. मी डाव्या बोल्टावरच्या रेघेवर बोट फिरवलं. रंग चिकटला. अजून पुरता वाळलाही नव्हता.

आणि मग मी रेघेकडे नीट पाहिलं. ती उलटी कललेली होती. माझ्यासारखी नाही, दादाच्या उजव्या हाताचीही नाही. खाली शेवटी ब्रश उचलताना आलेला बारीकसा आकडा. तो आकडा मी शेकडो बोल्टांवर पाहिलाय. तो आकडा बघतच मी लहानाची मोठी झाले.

मी शिडीवरून खाली पाहिलं. आई आली होती, वहिनी आली होती, चिमणी तिच्या कमरेला धरून उभी. बाबा सगळ्यांच्या मागे होते. डावा हात खिशात.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. पण दादाची माफी मागायचं मला सुचलंच नाही, कारण राग ओसरला नव्हता, त्याने नुसता माणूस बदलला होता, आणि या माणसावर रागवायची मला सवय नव्हती.

मी खाली उतरले. "बाबा, हात दाखवा."

"अगं, इथे कशाला..." आई म्हणाली. तिच्या आवाजावरून कळलं, तिलाही माहीत नव्हतं.

"हात दाखवा, बाबा."

त्यांनी खिशातून हात काढला. अंगठा आणि बोट पिवळं होतं.

"मी आवळलाय तो," बाबा म्हणाले. "अर्धा फेरा फिरला नट. चांगला दाबून आवळलाय. तीन दिवसांचा तर प्रश्न आहे."

"उघडून पाहिलात?"

"तीस वर्षं हात फिरलाय माझा त्याच्यावर. हाताला कळतं."

"उघडून पाहिलात का?"

ते गप्प. तेच त्यांचं गप्प बसणं, ज्याच्यावर मी शुक्रवारी विसंबले होते.

"मी उघडून पाहिलं होतं," मी म्हटलं. "मी कागदावर लिहिलं होतं. मी सही केली होती. तुमचा ना माझ्या पाहण्यावर विश्वास, ना माझ्या सहीवर. शेजारणीला सांगताना छाती फुगवता, माझी लेक माझ्या जागेवर आहे म्हणून. आणि पोराची खुर्ची हलली तर पहाटे उठून चोरासारखे शिडी लावता? माझ्याशी एक शब्द बोलायचं होतंत. भांडायचं होतंत! मी नाही म्हटलं असतं म्हणून बोलला नाहीत, हो ना?"

"तू नाहीच म्हटलं असतंस," बाबा हळूच म्हणाले.

"मग? मी नाही म्हणते तेव्हा ते नाही असतं!"

"झालं, झालं." साहेबांनी घड्याळ पाहिलं. "आजोबा, तीस वर्षं काम केलंय ना तुम्ही इथे? आणि तुम्ही म्हणता झोपाळा ठीक आहे. मग प्रश्नच मिटला. सुपरवायझर, ही तुमचीच मुलगी ना? गोड आहे. बसवा तिला, एक फोटो घेऊ आणि पुढे जाऊ."

फोटोवाल्याने कॅमेरा वर केला. दादाने चिमणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बाबांकडे. "बाबा," तो म्हणाला, "तुम्ही नीट आवळलाय ना? तुम्ही हो म्हणालात तर बसवतो."

सगळे बाबांकडे बघायला लागले. चिमणी एक पाऊल पुढे आली. तिला कुणी काही विचारत नव्हतं. ती झोपाळ्याकडे बघत होती.

बाबांनी ओठ ओले केले. मी त्यांच्या तोंडून "हो" बाहेर पडायच्या आत बोलले.

"थांबा. जो रेघ मारतो तो आधी दहा झोके घेतो. घेतलेत का सकाळी, बाबा?"

नव्हते घेतले. ते त्यांच्या मानेवरूनच कळलं. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी रेघ मारून झोके घेतले नव्हते, कारण हाताला कळतं म्हणणाऱ्या त्या माणसाला आतून माहीत होतं.

"मग घ्या आता," मी म्हटलं. "आपलं बूड आधी."

"अगं ए," आई ओरडली, "सत्तरीचा माणूस तो!"

"सहा वर्षांच्या पोरीला चालतो ना झोपाळा? मग सत्तरीच्या माणसालाही चालेल."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढून आईच्या हातात दिला, कोटाची बटणं लावली आणि चार नंबरवर जाऊन बसले. पायांनी मागे रेटा दिला आणि पाय उचलले.

"एक," मी मोजलं.

लोकांना वाटलं, गंमत आहे. कुणीतरी टाळी वाजवली. पोरं माझ्याबरोबर ओरडायला लागली. "दोऽन! तीऽन!" साहेबांनी फोटोवाल्याला खूण केली, हा फोटो त्याहून छान. बाबांची मिशी पांढरी झालीय, एवढंच. चेहरा तोच, गंभीर, मोजणारा.

"चार."

वरून आवाज आला. कुरकुर नव्हे. कुरकुर तेल नसल्याची असते. हा बारीक, कोरडा आवाज होता, काडी मोडायच्या आधी येतो तसा. पोरांच्या गलक्यात तो कुणाला ऐकू गेला नाही. मला गेला. बाबांना गेला. त्यांनी वर पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

ते थांबतील असं वाटलं मला. पाय टेकतील, म्हणतील, तुझं खरं. नाही टेकले. त्यांनी आणखी रेटा दिला. दहा पुरे केले की नातीला बसवतील, पोराची नोकरी राहील, आणि त्यांची रेघ खरी ठरेल. एवढा हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही, आरशात सोडून.

"पाच," पोरं ओरडली.

"सहा."

"सा..."

मी साखळ्या पकडल्या. पुन्हा फरफटत गेले, गुडघा फुटला, पण सोडल्या नाहीत.

"सोड," बाबा दातांतून म्हणाले. "दहा होऊ दे."

"नाही होणार दहा! उतरा. उतरा म्हणते ना!"

त्यांना उतरवायला मला त्यांची बोटं एकेक करून साखळीवरून सोडवावी लागली. मग मी काही म्हणायच्या आत ते स्वतःच शिडी चढले. मी खिशातला पाना वर दिला. त्यांनी नट काढला, डाव्या हाताने बोल्ट धरला आणि ओढला.

अर्धाच बोल्ट हातात आला. अर्धा पाइपातच राहिला. साखळी सळसळत खाली आली आणि झोपाळ्याची फळी जमिनीवर आपटली.

टाळ्या बंद झाल्या. त्या गुबगुबीत पोराच्या आईने आपल्या पोराला मागून घट्ट धरलं. बाबा शिडीवर तसेच उभे होते, हातातल्या तुकड्याकडे बघत. तुटलेली बाजू चकचकीत होती, ताजी. झिजलेल्या बोल्टाला आवळून आवळून त्यांनीच ती चीर पुढे नेली होती. ते मला त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनीच तर मला शिकवलं होतं.

"पुढच्या भागाकडे वळू या," साहेब म्हणाले आणि वळले. दादा त्यांच्यामागे गेला नाही. तो खाली बसला आणि चिमणीला छातीशी धरून बसून राहिला. माझ्याकडे त्याने वर पाहिलं, मी त्याच्याकडे. चुकीच्या माणसावर तोफ डागली होती, त्याचं मी नंतर पाहीन असं ठरवलं. आजवर पाहिलेलं नाही.

बाबा खाली आले. रखवालदारबाईंकडून पट्टी मागून घेतली आणि चारही बाजूंनी स्वतःच बांधली. गाठी डाव्या हाताच्या, उलट्या. मग त्यांनी कोटाच्या खिशातून ब्रश काढून माझ्यापुढे धरला. तीस वर्षं वापरलेला तो ब्रश. केस पिवळ्या रंगात चिकटून गठ्ठा झाले होते. काम झालं की ब्रश धुतल्याशिवाय हा माणूस पाणीसुद्धा प्यायचा नाही, आणि आज लपवायच्या घाईत तसाच खिशात कोंबलेला.

"हा आता तू ठेव," ते म्हणाले.

"हा फुकट गेला," मी म्हटलं. "टाकून द्या."

त्यांनी तो टाकला नाही. परत खिशात ठेवला. आई चादर गोळा करत होती. फाटकातून बाहेर पडताना चिमणीने माझं बोट धरलं नाही, वहिनीचं धरलं. मागे वळून म्हणाली, "आत्या, तू आजोबांवर ओरडलीस." नुसतं आत्या म्हणाली.

मी ओरडले. परत ओरडेन. बुधवारी बोल्ट आला, मी बसवला, रेघ मारली, दहा झोके घेतले, मग चिमणीला बसवून बदकं दाखवली. दादाची बदली अजून झालेली नाही, होईल तेव्हा होईल. घरात सगळे म्हणतात, तुझं बरोबर होतं, आता तरी राग सोड. त्यांना वाटतं, मी अजून बाबांवर चिडलेली आहे.

चौथ्या झोक्याला बोल्ट बोलला होता. मला नीट ऐकू आलं होतं. आणि तरी मी पाच होऊ दिले. सहा तर मी स्वतःच्या तोंडाने मोजले, मोठ्याने, त्यांच्या डोळ्यांत बघून. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बाबांना सांगायची गरज नाही. ते झोपाळ्यावर होते आणि तेही मोजत होते.